जुनं पिस्तूल घेण्याआधी मामाला विचारलंस, बरं केलंस

गौरीसाठी जुनं जर्मन पिस्तूल बघितलंय, विकणारा घाई करतोय, घेऊ का मामा, असं तू परवा फोनवर विचारलंस. मी तेव्हा हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. अशा गोष्टी फोनवर सांगता येत नाहीत. बारडोलीच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलं आणि रविवार गेले नेमबाजीच्या रेंजवरच्या पोरांची पिस्तुलं उघडून बसवण्यात. त्यात हाताला जे कळलं ते लिहून पाठवतोय. कागद जपून ठेव, नंदुरबारात आणखी कुणाच्या पोराला लागला तर दे.

आधी कायद्याचं. तू बघितलंस ते हवेचं पिस्तूल आहे ना, ते पक्कं कर. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी असली किंवा जोर २० जूलपेक्षा जास्त असला, की हवेच्या हत्यारालाही परवाना लागतो. दहा मीटरच्या स्पर्धेचं पिस्तूल या दोन्हींच्या आत बसतं. जर्मन मालावर हे तपासायची सोपी खूण आहे. १९७० नंतरच्या तिकडच्या हवेच्या हत्यारांवर एका छोट्या पंचकोनात इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकलेलं असतं. त्याचा अर्थ जोर ७.५ जूलच्या आत. भिंग घेऊन जा आणि ती खूण शोध. तरीही पक्कं बिल घे, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घे आणि पिस्तुलाचा नंबर बिलावर लिहून घे. गौरी रेल्वेने जाईल तेव्हा पेटीत हे कागद असलेच पाहिजेत. पोलिसाला लांबून हवेचं आणि दारूचं पिस्तूल सारखंच दिसतं, त्यात त्याची चूक नाही.

आणि कुणी ‘आजोबांचं माऊझर आहे’, ‘लढाईतलं लुगर आहे’ म्हणून कानाशी लागला, तर तिथून उठ. खऱ्या गोळीचं कुठलंही पिस्तूल परवान्याशिवाय हातात धरणं हा गुन्हा आहे, आणि ९ मिलिमीटर तर साध्या परवान्यावरही मिळत नाही. सातपुड्याच्या बाजूने येणाऱ्या गावठी मालावर ‘मेड इन जर्मनी’ ठोकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. अक्षरं वाकडी होती, तरी घेणारे होते. त्या वाटेला आपल्या घरातलं कुणी जायचं नाही.

आता नावाचं. तुझा विकणारा ‘फाइनवर्कबाऊ ६५’ म्हणतोय. नाव खरं असेल तर वस्तू चांगली आहे. ओबर्नडोर्फ हे माऊझरचं गाव. लढाईनंतर माऊझरमधल्याच वेस्टिंगर आणि आल्टनबर्गर या दोघांनी १९४९ मध्ये तिथे ही कंपनी काढली. नावाचा अर्थच बारीक, नेमकं यंत्रकाम. ६५ हा नमुना १९६५ चा, आणि पुढे पस्तीसेक वर्षं तो निघत राहिला. म्हणजे ६५ म्हटलं की ते साठ वर्षांचंही असू शकतं आणि पंचवीस वर्षांचंही. नंबर बघितल्याशिवाय वयावर बोलू नकोस. वाल्थरचं एलपी ५३ नावाचं पिस्तूल कधी समोर आलं तर गौरीसाठी ते घेऊ नकोस. जेम्स बाँडच्या पोस्टरसाठी शॉन कॉनरीने हातात धरलं होतं ते हेच. त्यामुळे संग्रह करणाऱ्यांनी त्याचा भाव चढवून ठेवलाय. आपल्याला पोरीला दहा मीटरवर उभं करायचंय, कपाटात शोभा ठेवायची नाही.

६५ मध्ये एक करामत आहे, ती समजली तर तपासायचं कसं ते आपोआप कळेल. बाजूचा दांडा ओढला की आत जाड स्प्रिंग दबते. ट्रिगर ओढला की दट्ट्या सुटतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. एवढी स्प्रिंग सुटली तर हाताला धक्का बसायला हवा. तो बसत नाही, कारण नळीसकट वरचं सगळं यंत्र दोन रुळांवर थोडं मागे सरकतं आणि धक्का तिथेच जिरतो. म्हणून पहिली तपासणी हीच. विकणाऱ्याला छर्रा घालून निशाण्यावर मारायला सांग. तू मुठीकडे बघ. वरचा भाग अलगद मागे सरकला पाहिजे. अडकत सरकला किंवा मुळीच सरकला नाही, तर रुळांवर घट्ट झालेलं ग्रीस आहे किंवा कुणीतरी चुकीचा स्क्रू आवळून ठेवलाय. हा दोष बरा होतो, पण भाव कमी करून घे. रिकामं कधी मारून बघू नकोस. छर्रा नसला की दट्ट्या हवेच्या गादीशिवाय पुढे जाऊन आदळतो.

दुसरं सील. त्या काळातल्या जर्मन सिंथेटिक सीलला वयाचा रोग आहे. पिस्तूल पेटीत झोपलेलं असलं तरी सील आत मऊ पडतं आणि चुरा होतं. दांडा ओढून, एक हात दांड्यावर घट्ट ठेवून, छर्रा ठेवतात त्या तोंडात टॉर्च मार. तपकिरी, मेणासारखा चिकट भुगा दिसला तर नळीच्या तोंडाचं सील आणि दट्ट्याची गादी दोन्ही गेलेत असं धर. ‘हा माल एकदम कोरा, कधी वापरलाच नाही’ असं कुणी म्हणालं तर त्याला हेच उत्तर आहे. न वापरलेल्या पिस्तुलातही सील बदलावंच लागतं. त्यासाठी पिस्तूल सोडू नकोस. नवी सील परदेशात अजून बनतात आणि मागवता येतात. बदलण्याचा खर्च किमतीतून वजा कर, एवढंच.

हात दांड्यावर ठेव म्हणालो ते पुन्हा सांगतो. स्प्रिंग दबलेली असताना दांडा सुटला तर बोट तुटतं. गौरीला छर्रा भरायला शिकवशील तेव्हा पहिला आठवडा फक्त हेच: डावा हात दांड्यावर, मग उजव्या हाताने छर्रा.

तिसरं नळी. जुन्या पिस्तुलात खरी किंमत नळीची असते. बाकी सगळं बदलता येतं. टोकाला, जिथून छर्रा बाहेर पडतो, तिथली कड भिंगाने बघ. केसाएवढी खाच पडली असली तरी छर्रा एका बाजूला ढकलला जातो. मग दहा मीटरवर टेकवून पाच छर्रे मारून घे. दहाचं वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटरचं असतं. चांगल्या ६५ चे पाचही छर्रे एकाच फाटक्या भोकात जातात आणि ते भोक करंगळीच्या नखाएवढं असतं. तसं दिसलं तर रंग उडालेला असो, मूठ फाटलेली असो, घे. विखुरले तर चकाकी कितीही असो, सोड. मात्र छर्रे आपले चांगले ने, चपट्या डोक्याचे, स्पर्धेचे. विकणाऱ्याकडचे चेपलेले छर्रे घेऊन नळीला दोष देऊ नये. छर्रे शिशाचे असतात, मारून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, ही सवय पोरीला पहिल्या दिवसापासून लाव.

ट्रिगरचं एक. ६५ ला एक छोटी कळ असते. एकीकडे केली की ट्रिगर ५०० ग्रॅमवर सुटतो, दुसरीकडे केली की १३६० वर. ती मोठ्या बोअरच्या पिस्तुलाच्या सरावासाठी ठेवलेली. नवख्याला हे ठाऊक नसतं आणि जड ट्रिगर लागला की पिस्तूल खराब म्हणून परत देतो. तू कळ फिरवून बघ. स्पर्धेत नियम ५०० ग्रॅमच्या खाली नको असा आहे. तपासणीच्या टेबलावर ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला टांगून पिस्तूल उचलतात, वजन उचललं गेलं पाहिजे. शिवाय सगळं मिळून दीड किलोच्या आत आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावणारं. जुन्या पिस्तुलाची कुणी जाड मूठ बनवून घेतली असेल तर ती या पेटीत अडते.

तुला त्याऐवजी एका झटक्याने हवा भरायचं, फाइनवर्कबाऊ १०० सारखं मिळालं, तर तपासणी सोपी. हवा भरून दोन मिनिटं थांब, मग मार. छर्रा जोर धरून गेला तर सील ठीक. पुढच्या पिढीच्या हवेच्या नळकांड्यांच्या पिस्तुलांना मात्र मी तुझ्यासारख्याला हात लावू देणार नाही. त्यांच्या सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते. मुदत दहा वर्षांची, आणि ती संपली की स्पर्धेत चालत नाही, त्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर. जुन्या बाजारात नेमके मुदत संपलेले सिलिंडरच फिरतात. कुणी कुठल्याही सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरून देतो म्हणाला तर त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकू नकोस. तेलाचा थेंब आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

आता घरी आणल्यावर काय करायचं. इथे तुझी घाई मला माहीत आहे, म्हणून माझी एक चूक सांगतो. नव्वदच्या सुमारास एका क्लबाने मला एक ६५ दुरुस्तीला दिलं होतं. दांडा कोरडा वाटला. मी शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सरळ दट्ट्याच्या पुढच्या भागात सोडले. पहिल्याच छर्र्याला नळीतून निळसर धूर आला आणि फटाक्यासारखा आवाज झाला. दाबातल्या हवेने तेल पेटलं होतं, डिझेल इंजिनात पेटतं तसंच. आतली गादी जळाली. एक नवं सील यायला पाच महिने लागले आणि तेवढे दिवस क्लबातल्या चार पोरांना सरावाला पिस्तूल नव्हतं. त्यांची तोंडं मला अजून दिसतात. तेव्हापासून माझा नियम: हवा दाबली जाते तिथे मशीनचं तेल नाही. सीलला सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. स्प्रिंगला आणि रुळांना पातळ ग्रीस, बोटाने लावून पुसून घेतलेलं.

उघडायचं असेल तर माझ्याकडे आण. स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा लागतो, तो मी कारखान्याच्या लेथवर बनवून ठेवलाय. दुसरं, स्क्रूची खाच. जर्मन स्क्रूच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतीच्या असतात, आपले बाजारातले पेचकस टोकाला निमुळते. निमुळत्या टोकाने जोर लावला की खाच फाटते. मी प्रत्येक स्क्रूसाठी पेचकसाचं टोक कानसून घेतो. अर्धा तास जातो, पण त्या स्क्रूवर पुढच्या माणसाला माझा हात दिसत नाही. विकत घेतानाही हेच बघ: खाचा फाटलेल्या असतील तर आत कुणीतरी अडाणी हात गेलाय.

चकाकी आणायच्या नादी लागू नकोस. बफ मारला की नंबर आणि ठोकलेली अक्षरं पुसट होतात, आणि नंबर पुसलेलं पिस्तूल घेऊन पोलिसासमोर उभं राहायची पाळी आली तर बिलही कामाला येत नाही. गंजाचा ठिपका असेल तर तेलात भिजवलेलं बारीक स्टील वूल बोटाने हळू फिरव, बस्स. मुठीचं अक्रोडाचं लाकूड कोरडं झालं असेल तर जवसाचं तेल हाताने चोळ, रात्रभर ठेव, पूस. तीन-चार दिवस असंच. पॉलिश किंवा वॉर्निश नको, घामाने हात घसरतो.

आमच्याकडे बारडोलीला पावसाळ्यात मिंढोळा नदी भरली की भिंतीसुद्धा पाझरतात, आणि गाळपाच्या सीझनमध्ये कारखान्याच्या चिमणीची काजळी गच्चीवरून आत येते. नंदुरबार जरा कोरडं, तरी चामड्याच्या पेटीत पिस्तूल ठेवू नकोस. चामडं ओल शोषून धरतं आणि नळीला चिकटून गंज चढवतं. साधा स्टीलचा डबा, आत सुती फडकं, सिलिका जेलची पुडी, आणि दर महिन्याला ती पुडी तव्यावर मंद गरम करून घ्यायची. स्प्रिंग दबलेली ठेवून कधी झोपायचं नाही. डब्याला कुलूप, किल्ली तुझ्याकडे, छर्रे वेगळ्या जागी.

नवं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. ते गौरीला पुढे लागेलच. पण पहिली दोन-तीन वर्षं हे जुनं तिला पुरतं, आणि वाचलेले पैसे छर्ऱ्यांत आणि प्रशिक्षणात घाल. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवरून पुढे गेल्या, हे तिला सांग. मावळंकर स्पर्धेला ती कधी उतरली, तर हेही सांग की ज्यांच्या नावाने ती भरते ते दादासाहेब मावळंकर आपल्यासारखेच गुजरातेत राहिलेले मराठी होते. बडोद्यात जन्मले, अहमदाबादेत वकिली केली, लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन निघाली तेव्हा तिचेही पहिले अध्यक्ष तेच.

आता पिस्तूल बघायला जाशील तेव्हा एकटा जाऊ नकोस, गौरीला ने. या मुठी जर्मन मोठ्या माणसाच्या पंज्यासाठी कोरलेल्या असतात. बारा वर्षांच्या पोरीचं बोट ट्रिगरपर्यंत पोहोचतं का, मनगट वाकडं होतं का, ते तिच्या हातात दिल्यावरच दिसेल. मूठ मोठी असेल तर घाबरू नकोस, कागदावर तिच्या उघड्या पंज्याची रेघ मारून घेऊन ये. मी लाकडाचा भुसा आणि एपॉक्सी भरून तिच्या हाताला बसवून देईन. सकाळी नंदुरबारहून सुरतेकडे येणारी गाडी धर. मी बारडोली स्टेशनवर उभा असतो.