संगणकाचे दप्तर हलवताना
नव्या हार्ड डिस्कची निवड आणि माहितीचे स्थलांतर

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा मुंबईचा भाग सार्वजनिक संस्थांचा भाग म्हणून ओळखला जातो. गिरगावातील केशवजी नाईक चाळीतील गणेशोत्सव १८९३ चा, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे, तर लालबागच्या बाजारपेठेतील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ १९३४ चे. यांच्या जोडीला लहानमोठे छापखाने, वाचनालये, पतसंस्था, शाळा, व्यायामशाळा आणि गृहनिर्माण संस्था आहेत. या संस्थांचे दप्तर पूर्वी बासनांत आणि लाकडी कपाटांत असे. १९९० नंतर ते हळूहळू संगणकात गेले. सभासदांची नोंदवही, वर्गणीचा हिशेब, सभांची इतिवृत्ते, ग्रंथसूची, स्मरणिकांची जुळवलेली पाने असा सारा ठेवा आज अनेक ठिकाणी एकाच संगणकातील एका हार्ड डिस्कवर अवलंबून आहे.

ही डिस्क झिजणारी वस्तू आहे. ती कधी ना कधी बदलावी लागतेच. नवी डिस्क बाजारात विकत मिळते. तिच्यावरील मजकूर मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून डिस्क बदलणे ही केवळ दुरुस्तीची बाब न मानता दप्तराच्या जतनाची बाब मानली पाहिजे.

हार्ड डिस्कचे स्वरूप

पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या साडेतीन इंची डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट मजकूर राहतो. मूळ तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या गतीने फिरतात आणि लिहिणारे-वाचणारे शीर्ष त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. धक्का, उष्णता अथवा अकस्मात खंडित झालेली वीज यांमुळे शीर्ष तबकडीला टेकले, तर तेथील मजकूर खरवडला जातो.

दुसरा प्रकार एसएसडी या नावाने ओळखला जातो. त्यात फिरणारा भाग नसतो. मजकूर विद्युतभाराच्या रूपाने चिपमध्ये साठवला जातो. ही साधने वेगवान असून धक्का अधिक सहन करतात. तथापि, ती अनेकदा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडतात आणि वीज न मिळता वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिली, तर त्यांतील नोंदी क्षीण होण्याचा संभव असतो.

बिघाडाची चिन्हे

फाइल उघडण्यास लागणारा वाढता वेळ, प्रत काढताना मध्येच थांबणारा संगणक, सुरू होताना वारंवार येणाऱ्या सूचना आणि डिस्कमधून येणारा टकटक आवाज ही बिघाडाची ठळक चिन्हे होत. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदही ठेवते. ‘स्मार्ट’ या नावाची ही नोंद मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने वाचता येते. तीत खराब ठरून बदललेल्या कप्प्यांची आणि वाचता न आलेल्या कप्प्यांची संख्या दिलेली असते. ही संख्या वाढू लागली की डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे.

मात्र ही नोंद निर्दोष आहे म्हणून निश्चिंत राहणे योग्य नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या अनुभवावरून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख निर्देशकांपैकी एकाचीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. तात्पर्य, प्रत काढण्यासाठी चिन्हांची वाट पाहू नये.

निवड कशी करावी

ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, ही मुंबईतील संगणकाच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ. तेथे जाण्यापूर्वी खालील बाबी कागदावर लिहून घ्याव्यात.

(१) जोडणीचा प्रकार : रुंद पट्टीसारखी केबल आणि चाळीस पिनांचा सॉकेट असल्यास ती जुनी आयडीई पद्धत होय. अरुंद केबल असल्यास ती २००३ पासून प्रचारात आलेली साटा पद्धत होय. आयडीई डिस्क आता नव्याने तयार होत नाहीत; ‘नवी’ म्हणून दिली जाणारी अशी डिस्क बहुधा जुन्या साठ्यातील किंवा दुरुस्त केलेली असते. अशा वेळी अॅडॉप्टर लावून साटा डिस्क वापरणे किंवा संगणकच बदलणे श्रेयस्कर. अलीकडील संगणकांत एम-२ नावाची पट्टीवजा एसएसडी असते. तिचे साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असून ते दिसण्यात सारखे असले, तरी प्रत्येक संगणक दोन्ही स्वीकारतोच असे नाही.

(२) आकार : टेबलावरील संगणकात साडेतीन इंची आणि लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क बसते. लॅपटॉपसाठी जाडीही मोजावी. ७ मिलिमीटरच्या खाचेत साडेनऊ मिलिमीटरची डिस्क बसत नाही.

(३) क्षमता : कारखानदार दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे ५०० जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४६५ जीबी दिसते; ती फसवणूक नव्हे. जुन्या एमबीआर विभागणी पद्धतीत साधारणतः २ टीबीपलीकडील जागा वापरता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

(४) कामाचे स्वरूप : संगणक चालवण्यासाठी एसएसडी आणि प्रती साठवण्यासाठी फिरती डिस्क, ही विभागणी सोयीची ठरते. काही फिरत्या डिस्कमध्ये नोंदींचे पट्टे छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवलेले असतात. या एसएमआर डिस्क सावकाश साठवणीस चालतात. सतत फेरलेखन होणाऱ्या कामात मात्र त्या मंदावतात.

(५) बिल आणि हमी : बिलावर डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि कारखानदाराच्या संकेतस्थळावर हमीची मुदत पडताळावी. हमीमध्ये डिस्क बदलून मिळते. तिच्यावरील माहिती परत मिळण्याची तरतूद सहसा नसते.

स्थलांतराचा क्रम

जुनी डिस्क आजारी असल्याचा संशय येताच तिच्यावर नवे लिखाण थांबवावे. डिस्क दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर प्रथम चालवण्याचा मोह टाळावा, कारण त्यांचे लिखाण आणि फेरलेखन दुबळ्या डिस्कवरील ताण वाढवते. टकटक आवाज येत असेल, तर वीज बंद करून डिस्क माहिती-पुनर्प्राप्तीच्या तज्ज्ञाकडे सोपवावी. ती घरी उघडू नये. धुळीचा एक कणही तबकडीचा नाश करण्यास पुरेसा असतो.

डिस्क वाचता येत असेल, तर ज्याला पर्याय नाही ते प्रथम वाचवावे. इतिवृत्ते, हिशेब, सभासदनोंदी आणि छायाचित्रे आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावीत. सॉफ्टवेअर पुन्हा मिळू शकते. त्यानंतरच संपूर्ण स्थलांतराचा विचार करावा. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, क्लोनझिलासारख्या सॉफ्टवेअरने डिस्कची हुबेहूब नक्कल करणे. यात संगणकाची मांडणी आहे तशी नव्या डिस्कवर येते. दुसरा, नव्या डिस्कवर संगणकप्रणाली नव्याने बसवून फक्त फाइली आणणे. जुन्या प्रणालीचा आधार संपला असल्यास हा दुसरा मार्ग इष्ट होय. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. काही कप्पे खराब झालेल्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर उपयुक्त आहे. ते वाचता येणारा भाग आधी उतरवून घेते आणि हट्टी कप्प्यांकडे नंतर वळते.

नक्कल करताना घडणारी सर्वांत घातक चूक म्हणजे मूळ आणि नवी यांची अदलाबदल. असे झाल्यास रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि दप्तर नाहीसे होते. यासाठी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक आणि क्षमता पडद्यावर वाचून, शक्य तर दुसऱ्या व्यक्तीसमक्ष, खात्री करावी. डिस्क बिटलॉकरसारख्या कुलूपयंत्रणेने बंद केलेली असल्यास पुनर्प्राप्तीची किल्ली आधीच हाताशी असावी.

लागणाऱ्या वेळेचाही अंदाज असावा. सेकंदाला १०० एमबी वेगाने ५०० जीबी माहिती उतरण्यास सुमारे दीड तास लागतो. जुन्या यूएसबी जोडणीतून सेकंदाला ३० एमबी मिळत असल्यास साडेचार तासांहून अधिक. या काळात वीज जाऊ नये म्हणून यूपीएस आवश्यक होय.

मराठी मजकुराचा विशेष प्रश्न

फाइल सुखरूप पोचली म्हणजे मजकूर पोचला असे मराठीच्या बाबतीत म्हणता येत नाही. संगणकावरील अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा श्री-लिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमधील फॉन्टवर काम चाले. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात त्या रोमन जागांचे क्रमांकच साठवले जात. मराठी दिसे ती केवळ फॉन्टमुळे. तो फॉन्ट नव्या डिस्कवर नसेल, तर स्मरणिकेचे पान उघडते, पण त्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. अनेक छापखान्यांची पानजुळणी पेजमेकरमध्ये होत असे. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. म्हणजे फाइल, फॉन्ट आणि सॉफ्टवेअर या तिन्हींपैकी एकही हरवले, तरी पान हरवते.

म्हणून स्थलांतराच्या वेळी फॉन्टच्या फाइली आणि सॉफ्टवेअरची मूळ तबकडी यांचीही प्रत घ्यावी. परवान्यासाठी संगणकाला लावावा लागणारा डोंगल असल्यास तो जपावा. जुना संगणक चालू आहे तोवरच महत्त्वाच्या प्रत्येक पानाची पीडीएफ प्रत काढावी. म्हणजे पान जसे छापले गेले, तसे तरी टिकेल. मजकूर पुन्हा वापरावयाचा किंवा शोधावयाचा असल्यास त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ‘र’ डोळ्यांनी तपासावा. चुका बहुधा तेथेच होतात.

हा मार्ग किती फलदायी आहे याचे उदाहरण मराठी विश्वकोशाचे देता येईल. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये छापील स्वरूपात प्रसिद्ध झाला. आज त्यातील नोंदी संकेतस्थळावर युनिकोडमध्ये वाचता आणि शोधता येतात. साधन बदलले तरी मजकूर वाचकापर्यंत पोचत राहिला.

पडताळणी आणि जुन्या डिस्कची विल्हेवाट

नवी डिस्क बसवल्यावर प्रथम जुनी डिस्क काढून ठेवून संगणक सुरू करावा. नंतर दोन्हींवरील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा. चेकसम काढणारे सॉफ्टवेअर दोन प्रतींतील एका अक्षराचाही फरक दाखवते. याखेरीज प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधील काही फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात आणि हिशेबाची एक बेरीज जुन्या छापील ताळेबंदाशी जुळवावी. पुढील वार्षिक हिशेब-तपासणी पार पडेपर्यंत तरी जुनी डिस्क, वाचता येत असो वा नसो, पुसू नये.

त्यानंतर ती भंगारात तशीच देऊ नये. फाइली डिलीट केल्याने फिरत्या डिस्कवरील मजकूर नष्ट होत नाही; सभासदांचे पत्ते आणि बँक खाती परक्या हाती जाऊ शकतात. फिरती डिस्क संपूर्ण फेरलेखन करून पुसावी; एसएसडीसाठी कारखानदाराने दिलेली सुरक्षित पुसण्याची सोय वापरावी. मग ती नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत.

दुसरी प्रत कोठे असावी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. परळ-दादर दरम्यानच्या हिंदमाता परिसराला तर पावसाचे पाणी साचण्याचा अनुभव जुनाच आहे. तळमजल्यावरील कार्यालयात संगणक आणि त्याच्याच शेजारच्या खणात प्रतीची डिस्क, ही रचना अशा वेळी दोन्ही एकदम गमावण्याची रचना ठरते. मजकुराच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, असा सर्वमान्य संकेत आहे. गिरगाव-लालबागच्या संस्थांचे कित्येक कार्यकर्ते आज डोंबिवली, बोरिवली येथे राहतात. त्यांच्यापैकी एकाच्या घरी, ठरावाने आणि पोच घेऊन, एक डिस्क ठेवणे अल्प खर्चात साधण्यासारखे आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जसा ताळेबंद ठेवला जातो, तशीच ‘प्रत काढली, उघडून पाहिली’ अशी एक ओळ अहवालात यावी. अशी नोंद नियमाने होत राहिली, तर हार्ड डिस्क बंद पडणे हा संस्थेच्या दृष्टीने केवळ एका वस्तूच्या खरेदीचा प्रश्न राहील आणि पिढ्यांनी जमवलेले दप्तर पुढील पिढीच्या हाती अखंड जाईल.