जुना ग्रामोफोन

रायगड जिल्ह्याच्या रोहे तालुक्यात, अंबा नदीच्या काठी नागोठणे हे गाव वसले आहे. चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी १५८० च्या सुमारास बांधविलेला दगडी पूल हे या गावाचे जुने भूषण होय. एके काळी मुंबईचा माल धरमतरच्या खाडीतून येथवर जलमार्गाने येत असे. अशा गावातील जुन्या घरांच्या माळ्यांवर पूर्वजांच्या कितीतरी वस्तू पडून असतात.

समजा, अशाच एका घरात माळा झाडताना एका मुलाला एक ग्रामोफोन सापडला. सागवानी पेटी काळवंडलेली, कर्ण्यावर गंजाचे ठिपके, झाकणाच्या कडेचे पॉलिश बोटभर झिजलेले. मुलाला अतिशय आनंद झाला. पेटी घासूनपुसून नव्यासारखी चकचकीत करावी आणि आजीला चकित करावे, असे त्याने मनात योजिले. त्याने काचकागद आणला आणि पेटीचा एक कोपरा घासावयास आरंभ केला. थोड्याच वेळात खालचे फिकट, कोरे लाकूड उघडे पडले. कोपरा स्वच्छ दिसू लागला, म्हणून तो दुसऱ्या कडेकडे वळला. इतक्यात आजी आली.

"अरे, थांब जरा!" आजी म्हणाली. "ती झिजलेली कड पाहिलीस का? तुझे आजोबा रोज संध्याकाळी तेथेच हात घालून झाकण उचलीत. त्यांचा हात लागून लागून ती तशी झाली आहे."

मुलाने हातातला कागद खाली ठेवला. झिजलेली कड सुदैवाने वाचली होती. परंतु घासलेला कोपरा आता पूर्ववत होणे शक्य नव्हते. नवे पॉलिश चढविता आले असते. गेलेले जुने पॉलिश मात्र परत आणता आले नसते.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. जुनी वस्तू हाती आली असता तिला नवे रूप द्यावे, की तिचे मूळ रूप जसे आहे तसे जपावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ग्रामोफोनची थोडी माहिती करून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकन संशोधक टॉमस एडिसन याने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला. त्यात फिरत्या दंडगोलावर गुंडाळलेल्या कथिलाच्या पत्र्यावर आवाजाची कंपने कोरली जात. पुढे १८८७ साली एमिल बर्लिनर याने दंडगोलाऐवजी सपाट तबकडी वापरण्याची युक्ती काढली. हाच ग्रामोफोन. एका साच्यावरून असंख्य तबकड्या छापता येऊ लागल्या आणि गाणे घरोघरी पोचण्याचा मार्ग मोकळा झाला. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग हा ध्वनिमुद्रक कोलकात्यास आला व त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. आरंभी हिंदुस्थानातील गाण्यांच्या तबकड्या जर्मनीत छापून आणाव्या लागत. १९०८ साली कोलकात्यात कारखाना निघाला. महाराष्ट्रात बालगंधर्वांची नाट्यपदे आणि अब्दुल करीम खाँ यांची गायकी अशा तबकड्यांनीच खेड्यापाड्यांत नेली. ज्यांना नाटकगृहाची पायरी कधी चढावयास मिळाली नाही, त्यांनीही हा कर्णा ऐकूनच संगीताची गोडी चाखली.

ग्रामोफोनला वीज लागत नसे. पेटीच्या आत पोलादी पट्टीची गुंडाळी असते. तिला कमान म्हणतात. चावी फिरविली की कमान आवळली जाते आणि उलगडताना ती दातेरी चक्रांच्या साहाय्याने तबकडी फिरविते. वेग वाढू लागला, की आतील गतिनियंत्रकाची वजने बाहेर फेकली जातात, एका लहानशा गादीवर घर्षण होते आणि वेग आवरला जातो. अशा रीतीने तबकडी मिनिटास सुमारे ७८ फेरे घेते. पोलादी सुई तबकडीच्या खाचेतून जाताना थरथरते, ती थरथर ध्वनिपेटीतील अभ्रकाच्या पातळ पडद्यास मिळते आणि कर्ण्यातून तो आवाज मोठा होऊन बाहेर पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू या. काही लोक म्हणतात, "ग्रामोफोन हे गाण्याचे यंत्र आहे. जे यंत्र गात नाही, ते असून नसल्यासारखेच. म्हणून ते दुरुस्त करावे आणि नव्यासारखे सजवावे." या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु 'दुरुस्त करणे' आणि 'नव्यासारखे सजविणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

यंत्राच्या आतील तेल-वंगण कालांतराने घट्ट होते. ते काढून नवे घालण्यात यंत्राचे हितच असते. ध्वनिपेटीतील रबरी कडी कडक झाली, तर ती बदलावी लागते. नाही तर आवाज घोगरा येतो. मात्र काढलेला जुना भाग टाकून न देता, तो कोठला व केव्हा काढला हे चिठ्ठीवर लिहून पेटीतच जपून ठेवावा. कमान खोलण्याचे काम तर जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. आवळलेली कमान एकाएकी सुटली, तर ती हाताला गंभीर इजा करते.

पेटीच्या बाह्यांगाची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ जुन्या लाकडी वस्तूंवर लाखेचे पॉलिश असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून डाग जावा या हेतूने स्पिरिटचा बोळा फिरविला, तर डागाबरोबर पॉलिशही निघून येते. पाणी राहिले, तर त्यावर पांढरे चट्टे उठतात. गाण्याच्या जुन्या तबकड्यांतही लाख असते. तिच्यात खनिजांची भुकटी आणि काजळी मिसळून त्या बनविल्या जात. म्हणून तबकडीसही स्पिरिट कधी लावू नये. कोरड्या, मऊ फडक्याने धूळ टिपावी, तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि सुई वारंवार बदलावी, हे उत्तम.

मूळ पॉलिश जपावे, यास आणखी एक कारण आहे. जुनी वस्तू ही एक प्रकारची लिखित पोथीच होय. पेटीवरील व्यापारचिन्ह, विक्रेत्याची पट्टी, झिजलेली कड, चावीभोवतीचे ओरखडे यांवरून ती कोठे तयार झाली, कोणी कशी वापरली, हे जाणकारास वाचता येते. पेटी घासून काढली, की ही पोथी पुसली जाते. बाजारात नव्या पेटीवर नवा पितळी कर्णा बसवून 'पुरातन' म्हणून विकलेले ग्रामोफोनही आढळतात. अशा वेळी खऱ्याखोट्याची पारख करण्यास मूळ पृष्ठभागच साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्य वापरातल्या वस्तू पाहावयास मिळतात. दिनकर गंगाधर केळकर यांनी त्या आयुष्यभर हिंडून जमविल्या आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे नाव संग्रहालयास दिले. सामान्य माणसाच्या हातात वावरलेल्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे त्यांनी ओळखले होते.

चांगल्या हेतूने केलेल्या कामानेही कशी हानी होते, याचे मोठे उदाहरण अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तेथील चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळी काही चित्रांवर वार्निश लावण्यात आले. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलाविले. त्यांनी सुटू पाहणारे रंगाचे पापुद्रे पक्के केले. त्यामुळे कित्येक चित्रे वाचली, हेही खरे. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळट व काळसर झाला आणि खालचे रंग झाकोळले. तो थर हळूहळू, अतिशय जपून काढण्याचे काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षे करावे लागले. ज्यांनी वार्निश लावले, त्यांचा चित्रांवर रागलोभ नव्हता. त्यांचे चित्रांवर प्रेमच होते. परंतु नुसते प्रेम पुरेसे नसते, त्यास ज्ञानाची व संयमाची जोड लागते.

याचा अर्थ जुन्या वस्तूस हातच लावू नये, असा नव्हे. वापराने पडलेली झीज आणि वस्तूचा होणारा नाश यांत फरक आहे. कोकणात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा दमट हवेत लोखंड गंजते, लाकडावर बुरशी येते, वाळवी लागते. गंज, बुरशी आणि वाळवी यांना आवर घालणे हे जतनाचेच काम होय. एखाद्या पेटीचे मूळ पॉलिश पूर्वीच नष्ट झाले असेल, अथवा कोणी तिच्यावर तैलरंग फासला असेल, तर विचारपूर्वक नवे पॉलिश देण्यासही हरकत नसते. मात्र प्रत्येक वेळी एकच कसोटी लावावी: आज केलेले काम उद्या चुकीचे ठरले, तर ते मागे घेता येईल काय? धूळ पुसली तर बिघडत नाही. वंगण बदलले तर पुन्हा बदलता येते. घासून काढलेला पृष्ठभाग मात्र पुन्हा मिळत नाही.

त्या मुलाने पुढे काय केले असेल? त्याने पेटीची धूळ फडक्याने टिपली, कर्णा कोरड्या जागी ठेवला आणि यंत्र एका जाणत्या कारागिरास दाखविले. काही दिवसांनी आजीने झिजलेल्या कडेवर हात ठेवून झाकण उचलले, चावी दिली आणि सुई तबकडीवर टेकविली. थोडी खरखर झाली आणि मग गाणे सुरू झाले. आजी डोळे मिटून ऐकत राहिली. घासलेला तो कोपरा मुलाने तसाच राहू दिला. आजोबांच्या हाताची खूण एका बाजूस आणि त्याच्या स्वतःच्या घाईची खूण दुसऱ्या बाजूस, अशा दोन्ही खुणा त्या पेटीवर राहिल्या. पुढे कोणतीही जुनी वस्तू हाती घेताना ती दुसरी खूण त्याला सावध करण्यास पुरेशी होती.

स्वाध्याय

१. आजीने मुलाला पेटी घासण्यापासून का थांबविले?
२. तबकडीचा वेग सारखा कसा राखला जातो, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. 'जुनी वस्तू ही एक प्रकारची लिखित पोथीच होय,' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. अजिंठ्याच्या चित्रांचे उदाहरण या पाठात कशासाठी दिले आहे?
५. आपल्या घरातील एका जुन्या वस्तूचे निरीक्षण करा. तिच्यावरील खुणांवरून तिची हकीकत दहा ओळींत लिहा.