जुन्या ट्रॅव्हलरचे शॉकअप बदलताना

नववी-दहावीच्या पुस्तकात दोलन आणि ऊर्जारूपांतर हे विषय येतात. ते प्रत्यक्ष पाहायचे असतील तर एखाद्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरखाली डोकावून पाहा. बजाज टेम्पोची ही गाडी आपल्याच मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या कारखान्यात तयार होत आली आहे. २००५ साली कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. जुन्या ट्रॅव्हलरमधील आसने काढून आत दिवाण, पाण्याची टाकी आणि शेगडी बसवायची व सहकुटुंब पंढरपूर, पचमढी करून यायचे, ही हौस आता पुष्कळांना असते. गाडी जुनी असल्याने पहिला खर्च बहुधा शॉकअपचाच निघतो.

शॉक अॅबसॉर्बर हे नाव थोडे फसवे आहे. खड्ड्याचा धक्का झेलतात ते पाटे, म्हणजे मिस्त्री ज्यांना कमानी म्हणतात ते. पण दाबलेला पाटा उसळून वर येतो, पुन्हा खाली जातो आणि गाडी झोपाळ्यासारखी हलत राहते. हे हलणे थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते आणि गतिज ऊर्जेची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप गरम लागतो तो यामुळेच. (लगेच हात लावू नका, चटका बसेल.)

आता थोडे गणित. समजा गाडीच्या वजनाने पाटे १० सेंटिमीटर दबले आहेत. सेकंदाला होणारी दोलने = (१ ÷ २π) × √(g ÷ दाब). g म्हणजे ९.८ आणि दाब ०.१ मीटर, म्हणून उत्तर सुमारे १.६ येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे दर ७ मीटरला एक दोलन! रस्त्यावर नेमके ७-७ मीटरवर उंचवटे असले तर प्रत्येक उंचवटा आधीच्या दोलनाला भर घालतो. याला अनुस्पंदन म्हणतात. शॉकअप निकामी असेल तर अशा रस्त्यावर चाकाची जमिनीवरील पकड कमी-जास्त होते आणि ब्रेक दाबूनही गाडी लांब जाऊन थांबते. ज्या गाडीत मुले बसणार तिच्याबाबतीत हा केवळ आरामाचा प्रश्न राहत नाही.

दुकानात जाण्याआधी गाडी धर्मकाट्यावर न्यावी. संत्र्याचे ट्रक जिथे तोलतात तोच काटा चालेल. पाण्याची टाकी भरून, सामान ठेवून, माणसे बसवून आधी पुढची चाके आणि मग मागची चाके वेगळी तोलावीत. पुष्कळांना वाटते की घरासारखी गाडी केली म्हणजे वजन फार वाढले, म्हणून सर्वांत कडक शॉकअप घ्यावेत. प्रत्यक्षात १२ प्रवाशांचेच वजन ७०० किलोच्या आसपास भरते. त्यांच्या जागी १०० लिटर पाणी, दिवाण आणि पाच माणसे आली तर एकूण वजन कदाचित पूर्वीपेक्षा कमीच निघेल. मग मूळ मापाचे शॉकअप पुरतात. अति कडक घेतले तर चाक खड्ड्यात नीट उतरत नाही आणि आतल्या लाकडी कामाचे खिळे ढिले होतात.

दुसरी गोष्ट, गाडी मागून बसली असेल तर तो दोष शॉकअपचा नाही, पाट्यांचा आहे. शॉकअप वजन उचलत नाही. आधी पाटे दुरुस्त करावेत. जुन्या पाट्यांवर गंज चढलेला असला तर पानांच्या आपसातील घर्षणानेच दोलन थांबते. म्हणून गाडीचा कोपरा दाबून पाहण्याची चाचणी इथे फसते. तेलाचे ओघळ, कुजलेले रबरी बुश आणि टायरवर जागोजागी पडलेले खळगे या खुणा अधिक खऱ्या.

साधा तेलाचा घ्यावा की गॅसचा? सतत खडबडीत रस्त्यावर तेलात फेस होतो आणि फेसाला विरोध करता येत नाही. गॅसच्या दाबाने फेस कमी होतो. घाटात आणि कच्च्या रस्त्यावर नेहमी जाणार असाल तर कमी दाबाचा गॅस-शॉकअप घ्यावा असे माझे मत. वर्षातून दोन सहली असतील तर चांगल्या कंपनीचा साधा पुरे. उदाहरणार्थ, गॅब्रिएल ही १९६१ पासूनची भारतीय कंपनी असून तिचा एक कारखाना आपल्या देवासला आहे. माप मात्र काटेकोर जुळले पाहिजे. पूर्ण दाबलेली आणि पूर्ण उघडलेली लांबी, डोळ्याचा व्यास, बुशाची रुंदी ही मापे जुन्या नगावरून लिहून न्यावीत. नुसते ‘ट्रॅव्हलरचा द्या’ म्हणू नये, कारण या गाडीची लहान-मोठी अनेक रूपे आहेत. एका धुरीवरचे दोन्ही नग एकदमच बदलावेत.

विश्वस्त मंडळी आणि पालकांसाठी एक सूचना. आसने काढून गाडीचे रूप बदलायचे असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते आणि नोंदणी पुस्तकातही बदल करून घ्यावा लागतो. हे काम खर्चाच्या आधी करावे.

बसवताना मिस्त्रीला दोन गोष्टी सांगाव्यात. दोन नळ्यांचा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-उघडून आतली हवा काढावी. आणि बुशाचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते लावावेत, पक्के मात्र चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चकचकीत दांडा पकडीने धरू देऊ नये. त्यावर एक ओरखडा पडला की ऑइल सील कापले जाते.