पामतेल कोठून येते?

पामतेल ताडासारख्या दिसणाऱ्या एका झाडाच्या फळांपासून काढतात. हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेतले. १८४८ साली त्याची ४ रोपे जावा बेटावरील बोगोर येथे लावली. आज जगातले बहुतेक पामतेल इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून येते, आणि परदेशातून ते सर्वांत जास्त घेणारा देश आपलाच आहे. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर आनंदाचा शिधा मिळाला, त्यातही १ लिटर पामतेल होते. बिस्किटात व साबणातही ते असते.

सुमात्रा व बोर्निओ बेटांवर पूर्वी घनदाट जंगल होते. कंपन्यांनी ते तोडले आणि जिकडे बघावे तिकडे हेच एक झाड लावले. तिथली पुष्कळ जमीन दलदलीची आहे. हजारो वर्षे पालापाचोळा पाण्यात साठून ती तयार झाली. चर खणून पाणी काढले की ती वाळते. मग आग लागली तर वरून विझते, पण आत भुशाच्या शेगडीसारखी धुमसत राहते. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जंगल व जमीन जळाली. धूर समुद्रापलीकडे सिंगापूरपर्यंत गेला. तिथल्या शाळासुद्धा बंद ठेवाव्या लागल्या.

त्या जंगलात ओरांगउटान नावाचा मोठा वानर राहतो. या नावाचा अर्थ 'रानातला माणूस' असा आहे. त्याचे पिल्लू सहा-सात वर्षे आईजवळच राहते. रान गेल्यावर त्याने खायचे काय? बागेत शिरला तर लोक मारतात.

रानात खरी माणसेही राहतात. सुमात्रातले ओरांग रिंबा लोक मध, वेत, कंदमुळे गोळा करून जगत. रान गेले आणि त्यांचे पोट गेले. आता काही जण त्याच बागांत ताडपत्रीखाली राहतात.

बागेत मजुरांना रोज किती काम करायचे ते ठरवून दिलेले असते. ते एकट्याने होत नाही. म्हणून काही मजूर बायकामुलांना मदतीला नेतात. मुले खाली सांडलेली फळे वेचतात. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेल्या मुलांची शाळा बुडते, तशीच त्यांचीही बुडते.

यात झाडाचा काही दोष नाही. इतर तेलबियांपेक्षा ते थोड्या जागेत जास्त तेल देते. दोष जंगल तोडणाऱ्यांचा आणि दुसऱ्याची जमीन घेणाऱ्यांचा आहे. असे तेल व्यापाऱ्यांनी घेऊच नये असे मला वाटते. आणि आपणही तेल जपून वापरावे.