गूळ चारूनही गाईच्या रक्तातील साखर का वाढत नाही?

संकरित गाय व्याल्यावर दोन-तीन आठवडे दूध भराभर वाढते. मग एके दिवशी ती खुराकाला तोंड लावत नाही, वैरण मात्र थोडीफार खाते. दूध घटते, गाय अंगाने उतरते, शेण घट्ट पडते. श्वासाला व लघवीला गोडसर वास येतो. ही कितनबाधा किंवा किटोसिस या रोगाची लक्षणे होत. गाय अशक्त झाली असे समजून पुष्कळ पशुपालक तिला गूळ चारतात. त्याचा गुण का येत नाही, ते पाहू.

गाईच्या शरीरात साखर कशी तयार होते?

आपण भाकरी खाल्ली की पिष्टाची साखर होऊन ती आतड्यातून रक्तात जाते. जादा साखर इन्शुलिनमुळे यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. उपास घडला की ग्लुकॅगॉनमुळे यकृतातील साठा मोकळा होतो. साठवणीची ही व्यवस्था गाईतही आहे, पण साखर मिळण्याची वाट वेगळी आहे. कडबा, भरडा किंवा गूळ यांतील बहुतेक कर्बोदके कोठीपोटातील सूक्ष्म जीव आंबवतात. त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले बनतात. आतड्यातून रक्तात साखर फारच थोडी जाते. लागणारी साखर यकृत मुख्यतः प्रोपिऑनिक आम्लापासून तयार करते.

दुधाचा ताण

एक लिटर दुधासाठी सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज लागते. म्हणजे १५ लिटर दूध देणाऱ्या गाईला दुधासाठीच रोज १ किलोहून अधिक ग्लुकोज हवे. व्याल्यानंतर दूध आधी वाढते, भूक मागाहून वाढते. यकृतातील साठा लवकर संपतो आणि अंगावरची चरबी वापरली जाते. ही चरबी यकृतात पूर्णपणे जळली नाही, तर रक्तात किटोन पदार्थ साचतात. गोडसर वास त्यांपैकी ॲसिटोनचा असतो.

उपाय व काळजी

१. लक्षणे दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. शिरेतून दिलेले डेक्स्ट्रोज थेट रक्तात जाते, पण त्याचा परिणाम थोडे तासच टिकतो. म्हणून पुढे काही दिवस प्रॉपिलीन ग्लायकोल पाजावे लागते. मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी.

२. गूळ किंवा धान्य एकदम भरपूर चारू नये. ते कोठीपोटात आंबून आम्लता वाढते व अपचन होते.

३. भाकड काळात गाय फार लठ्ठ होऊ देऊ नये. विण्यापूर्वी शेवटचे दोन-तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवावा.

४. व्याल्यानंतर शरीरपोषणाच्या खुराकाखेरीज दर अडीच लिटर दुधामागे १ किलो याप्रमाणे खुराक टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा. सोबत उत्तम हिरवी व वाळलेली वैरण द्यावी.

व्याल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत गाय रोज किती खुराक शिल्लक ठेवते, याकडे लक्ष ठेवावे. दूध घटण्याआधी रोगाची पहिली सूचना पुष्कळदा गव्हाणीतच मिळते.