न मोजलेले श्वास

आजींच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते. माझी नाइट होती. पहाटे तीनला मावशींनी हाक मारली. आजींनी माझं मनगट घट्ट धरलं. "बाई, जीव कसातरीच होतोय. मी काही आता राहत नाही."

बीपी ठीक होतं. नाडी 112. छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्हीकडे हवा स्वच्छ जात होती. घाबरल्यात, म्हणून नाडी वाढलीय, असं मीच ठरवलं. त्यांना पाणी पाजलं आणि चार्टवर श्वसनाच्या रकान्यात 20 लिहिलं. ते मी मोजलेच नव्हते.

सकाळी सातला हँडओव्हर घेताना दिवसपाळीच्या सिस्टर आजींच्या छातीकडे बघत पूर्ण मिनिट उभ्या राहिल्या. 34. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 86. पांघरूण सारलं, डावी पोटरी फुगून तकतकीत झाली होती. ऑपरेशन झालेला पाय, सूज असायचीच, असं आम्ही दोन दिवस धरून चाललो होतो. संध्याकाळी सून त्याच पोटरीला तेल चोळत होती, तेही मी पाहिलं होतं. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या धमनीत गुठळी दिसली. आजी वाचल्या. पण मधले चार तास माझ्यामुळे गेले.

पायाच्या शिरेतली गुठळी सुटते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे जाते आणि फुप्फुसाच्या धमनीत अडकते. हवा आत जातच असते, अडतं ते रक्त. म्हणून छाती स्वच्छ ऐकू आली तरी निर्धास्त होऊ नका. बीपीवरही विसंबू नका. ते 90च्या खाली येतं तेव्हा उजवं हृदय थकलेलं असतं. श्वास मात्र आधीच वाढतात. ते मिनिटभर मोजा, आणि पेशंटला सांगून मोजू नका, सांगितलं की श्वास बदलतो. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजा. 3 सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर लगेच कळवा. आणि पाय चोळू नका, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा. बिचारे मायेनेच चोळत असतात.

शंका आली की डोक्याकडची बाजू उंच करा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा, शीर घेऊन ठेवा. पेशंटला संडासलाही चालवत नेऊ नका. बीपी उतरलं म्हणून सलाइन आपल्या मनाने भरभर सोडू नका, ताणलेलं उजवं हृदय आणखी फुगतं.

हेपरिन सुरू झालं की आपलं खरं काम सुरू होतं. डोस वजनावर असतो. शिरेतून द्यायचा तर साधारणपणे किलोला 80 युनिट एकदम, मग तासाला किलोमागे 18. म्हणून वजन काट्यावर घ्या. "साठेक असेल" हे माझ्या त्या 20 श्वासांसारखंच आहे. पंपाचा आकडा दोघींनी तपासा, सहा तासांनी एपीटीटीचं रक्त वेळेवर पाठवा. या पेशंटला कमरेत इंजेक्शन नको. सुई काढली की जागा काही मिनिटं दाबून धरा. लघवी लाल, शौच काळी, हिरड्यांतून रक्त, अचानक डोकं दुखणं किंवा असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट बघू नका. पाचव्या दिवसापासून प्लेटलेटच्या रिपोर्टवर नीट नजर ठेवा; हेपरिनमुळेच त्या घसरू शकतात.

एक गोष्ट चार्टवर लिहिली जात नाही. या पेशंटना झोपेची भीती बसते. आजी दिवा मालवू देत नव्हत्या. तिसऱ्या रात्री मी खुर्ची त्यांच्या पलंगाशी ओढली, गुठळी कुठे अडकलीय आणि औषध काय करतंय ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बोलता बोलता त्यांचे डोळे मिटले. मी घड्याळ बघून मोजले. 22. तेवढेच लिहिले.