एक्का मोठा की लहान?

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. जुन्नरच्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर दोघे आते-मामेभाऊ पत्ते खेळत बसले होते. मोठा जुन्नरचा, धाकटा आंबेगाव तालुक्यातील घोडेगावाहून आजोळी आलेला.

धाकट्याने बदामचा राजा टाकला. मोठ्याने त्यावर एक्का टाकून हात उचलला.

"आमच्या घरी एक्का सर्वांत लहान असतो, दादा," धाकटा म्हणाला.

"असेल! जुन्नरात एक्काच श्रेष्ठ."

धाकट्याने ते मान्य केले. थोड्या वेळाने मोठ्याच्या राजावर धाकट्याचा एक्का पडला. तेव्हा मोठा हसून म्हणाला, "घोडेगावचा एक्का लहान ना? मग हा हात माझाच!"

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी तरळले. "आजोबा, तुम्हीच न्याय करा," तो म्हणाला.

आजोबांनी दोघांना जवळ बसविले. ते म्हणाले, "गंजिफा नावाचा एक फार जुना खेळ आहे. बाबराने १५२७ साली सिंधमधील शहा हसन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या महाराष्ट्रात सावंतवाडीचे कारागीर दशावतारी गंजिफाची गोल पाने आजही हातांनी रंगवितात. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण १२० पाने. तिघे खेळावयास बसले की प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस येतात. दिवसा खेळाचा आरंभ रामाच्या राजाने होतो, रात्री कृष्णाच्या राजाने.

"प्रत्येक रंगात राजा पहिला आणि प्रधान दुसरा. पुढे मात्र मोठी गंमत आहे. पाच रंगांत प्रधानानंतर दहा, नऊ, आठ असा मान उतरत जातो. एक्का अगदी शेवटी. उरलेल्या पाच रंगांत एक्का प्रधानाच्या खालोखाल, मग दुर्री, तिर्री. आणि दहाचे पान सर्वांत हलके!"

"सारख्याच पानांना दोन नियम? मग भांडणे होत नाहीत?" धाकट्याने विचारले.

"का व्हावीत? कोणत्या रंगाला कोणता नियम, हे पाने वाटण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असते. पान कोणाच्याही हाती जावो, त्याचे मोल बदलत नाही. तेथील भेद रंगारंगांतला आहे, माणसामाणसांतला नव्हे."

आजोबांनी मोठ्या नातवाकडे पाहिले. "नियम वेडावाकडा असला तरी चालतो, बाळ. पण तो माझ्यासाठी एक आणि तुझ्यासाठी दुसरा असला, की खेळ संपला."

मोठ्याने मान खाली घातली. उचललेली पाने त्याने धाकट्यापुढे सरकविली. "हा हात तुझा," तो हळूच म्हणाला.

मग त्याने पत्ते पुन्हा पिसले, आणि वाटण्यापूर्वी विचारले, "या डावात एक्का मोठा की लहान? तू सांग."

स्वाध्याय

१. गंजिफाच्या दहा रंगांत पानांचा मान कसा लावतात?
२. गंजिफातील भेद व मोठ्या भावाने केलेला भेद यांत कोणता फरक आहे?
३. तुमच्या गावातील एखाद्या खेळाचे नियम लिहा.